चुंबक मी लावला होता

नले, आज तुला जाऊन एकवीस दिवस झाले आणि या एकवीस दिवसांत मी दुकानातला चुंबक हातात घेतलेला नाही. वजनकाट्यामागच्या खिळ्याला दोरीनं टांगलेला असायचा तो, जुन्या स्पीकरमधून काढलेला, गोल, मधे भोक. तू त्याला माझा स्टेथोस्कोप म्हणायचीस. आता तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकलाय आणि डबा फळीच्या मागे सरकवलाय. तो तळाला असा चिकटून बसलाय की डबा हलवला तरी आवाज येत नाही. गिऱ्हाईक माल घेऊन येतं, मी नुसत्या हातानं उचलून सांगते, हे लोखंड, हे स्टील, आणि चुकते. उर्से टोलनाक्याच्या अलीकडं इतकी वर्षं भंगाराचं दुकान चालवणारी जुबेदा चुंबकाला भिते असं कुणाला सांगितलं तर हसतील लोक.

मुख्य गोष्ट आधीच लिहून टाकते, नाहीतर मी मधेच पळ काढीन. तुझ्या दगडाला चुंबक मी लावला होता. तू मला विचारलंस तेव्हा मी नाही म्हणाले. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि शेवटचे चार महिने त्या विश्वासापायी स्वतःवरचा विश्वास घालवून बसलीस.

हे शुद्धबिद्ध लिहितेय म्हणून दात काढू नकोस. आपण बोलायचो तसं लिहायला बसले की रडू येतं, आणि रडत लिहिलं की काहीतरी लपवलं जातं, हे मला आता चांगलं कळलंय.

तू मला लहानपणापासून घाबरवत आलीस, ते आधी सांगते. सहावीत शाळेनं आपल्याला बेडसे लेण्यांवर नेलं होतं. सगळ्या पोरी खांबांवरचे घोडे बघत होत्या आणि तू भिंतीला गाल लावून उभी होतीस. मी विचारलं काय करतेस, तर म्हणालीस, "ह्यो सगळा डोंगर एकदा वितळलेला व्हता, जुबे. पातळ. खिरीसारखा." मी पायऱ्या उतरेपर्यंत पायाखाली बघत चालले. घरी येऊन अम्मीला विचारलं, डोंगर परत वितळला तर आपण कुठं जायचं? अम्मीनं तुलाच बोलावून दम दिला होता, माझ्या पोरीच्या डोक्यात काय भरवू नको म्हणून. तू मान डोलावलीस आणि दुसऱ्या दिवशी डब्यातली भाकरी मोडता मोडता मला भूकंप समजावून सांगितलास.

पुढं तू शिकलीस, मी नाही शिकले. तू पुण्याच्या प्रयोगशाळेत आकाशातून पडलेले दगड तपासायला लागलीस, मी नवऱ्याबरोबर भंगाराचं दुकान सांभाळायला लागले. तुझ्या आईला तुझ्या कामाचं काय सांगावं ते कळायचं नाही. पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून तुझी दोन स्थळं मोडली होती, आणि तू निघालीस त्याच मंगळाचे दगड शोधायला. मी म्हणायचे, "नले, त्यानं तुझा संसार मोडला आणि तू त्याच्याच मागं लागलीयास." तू म्हणायचीस, "म्हून तर. त्याला गाठून इचारायचंय."

काय विचारायचं होतं ते मला पहिल्यांदा तुझ्या दत्ताभाऊच्या खळ्यावर कळलं. दिवाळी होऊन गेली होती, भात झोडून झालं होतं. दत्ताभाऊ उफणणी करत होता आणि आपण दोघी पोत्यांना टेकून बसलो होतो. भुसा उडून आपल्या केसांत बसत होता. तू म्हणालीस, बघ, हलकं उडतं आणि जड खाली पडतं. मंगळाच्या हवेचं असंच झालंय. तिथं एके काळी जाड हवा होती, पाणी वाहत होतं. मग सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यानं ती हवा उफणून नेली. हलकी हवा आधी गेली, जड थोडी मागं राहिली. मी म्हटलं, हे तुला कसं कळलं, तू काय गेली होतीस? तर म्हणालीस, तिथं कधीतरी मोठा धोंडा आदळतो, त्या दणक्यानं तिथले दगड उडतात, काही फिरत फिरत आपल्याकडं येऊन पडतात. त्या दणक्यात दगडाच्या आत कुठं कुठं काच होते आणि काचेत तिथल्या हवेचा बुडबुडा अडकून राहतो. तो फोडला की त्या वेळची हवा मिळते. त्यात जड किती आणि हलकं किती ते मोजायचं. खळ्यावर उरलेलं भात बघून वारा किती सुटला होता ते सांगता येतं की नाही, तसं.

मी विचारलं, "मंग आपली हवा का न्हाई जात?"

"आपल्याला कुंपण हाय," तू म्हणालीस. "जमिनीच्या पोटात लोखंड फिरतंय, त्याचा मोठा चुंबक व्हतो. त्यो वारा आडीवतो. मंगळालाबी व्हतं का कुंपण, किती दीस व्हतं, कवा मोडलं, त्ये मला बघायचंय. दगड तापून गार व्हताना तितल्या चुंबकाची दिशा धरून ठिवतो. अब्जावधी वर्षं सोडत न्हाई."

मग तू मला ते सांगितलंस. "कवा तुझ्या भंगारात तसला दगड घावला, वर काळी वितळून गोठल्यावानी साल आन आत फिकट, तर बाजूला ठेव. पर तुझा स्टेथोस्कोप लावू नको त्याला. तुझ्या चुंबकाफुडं त्याची आठवण टिकायची न्हाई. येका फटक्यात जाईल."

मी हसले होते. दगडाला कसली आलीय आठवण, म्हणाले. आणि मग आपलं भांडण झालं, आठवतं का तुला? मी म्हणाले, मंगळाची हवा गेली तर गेली, आपल्याला ते कळून करायचंय काय? उगाच जिवाला घोर. तू म्हणालीस, शेजारचं घर पडलं तर का पडलं ते बघायला नको? मी म्हणाले, नको, मी बघणार नाही, मला त्याच पडक्या घराशेजारी राहायचंय. तू चिडून पोत्यावरून उठलीस आणि म्हणालीस, "तुला समदं झाकून ठिवायची सवय हाय, जुबे." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. ते भांडण आपण कधी मिटवलं नाही. तुझं बरोबर होतं एवढं मी तेव्हा म्हणाले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मात्र मला खरंच भीती बसली. टेम्पो घेऊन कामशेतच्या पुढं घाटाकडं निघालं आणि वारा सुटला की मला वाटायचं, चालली हवा. लोक लोणावळ्याला हवा खायला येतात, गाड्यांच्या रांगा लागतात, आणि मी त्या रांगेत थांबून मोठे मोठे श्वास घेऊन बघायची, आहे का नाही. कुणाला सांगणार? नवऱ्याला एकदा सांगितलं तर म्हणाला, नलिनीशी कमी बोलत जा.

तू आजारी पडलीस आणि औषधाच्या खेपा सुरू झाल्या तेव्हा लोणावळ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलीस. त्याच उन्हाळ्यात टाकवे गावात एका घरचे गोठ्याचे जुने पत्रे मी उचलायला गेले. ते गोठा पाडून स्लॅब टाकणार होते. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले सात-आठ दगड खाली काढून भिंतीशी रचले होते. सगळे आपले मावळातले काळे दगड, आणि त्यात तो. मुठीहून थोडा मोठा, एका अंगाला चपटा. वर काळी पातळ साल, करपलेल्या कढईच्या बुडासारखी. चपट्या बाजूच्या कडेला साल उडाली होती आणि आत फिकट राखाडी.

मी त्या घरच्या आबांना विचारलं, "आबा, ह्यो दगड कुटनं आणलाय?"

"बापानं ठेवलेला वर. नांगराला घावला आसंल. लय जड हाय म्हून पत्र्यावर घातला. ने तुला पायजे तर. तुला काय करायचा त्यो?"

मी तो ओढणीत गुंडाळून टेम्पोत माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला. रस्ताभर ब्रेक मारला की हात लावून धरत होते. इतकं सांभाळून आणला, नले. दुकानात आणला, टेबलावर ठेवला, ओढणी सोडली, आणि माझ्या हातानं खिळ्यावरचा चुंबक काढून त्याला लावला.

डोक्यानं नाही लावला. हातानं लावला. आमच्या धंद्यात माणूस सोडून सगळ्याला आधी चुंबक लागतो. नळ येऊ दे, पंख्याचं पातं येऊ दे, कुणाच्या आजीचं भांडं येऊ दे, पहिला चुंबक. ओढला तर लोखंड, नाही ओढला तर पुढचा विचार. तीस वर्षांचा हात आहे तो, मला विचारत नाही. चपट्या बाजूला, जिथं साल उडाली होती तिथं लावला. जरासा ओढल्यासारखं वाटलं. मला इतका आनंद झाला की मी तो त्या बाजूवरून दोन-तीनदा फिरवला. तिसऱ्यांदा फिरवताना मला खळं आठवलं.

चुंबक माझ्या हातातून पडला नाही की काही नाही. मी तो नीट खिळ्याला अडकवला. मग खुर्चीवर बसले. बाहेर एक जण अॅल्युमिनियमची पातेली घेऊन आला होता, त्याला म्हटलं, आज काटा बंद आहे. दगडाकडं बघत बसले. त्याच्यात काहीच बदललं नव्हतं. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय. मग वाटलं, नलिनी म्हणाली होती, एका फटक्यात. असं दोन्ही आळीपाळीनं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी लोणावळ्याला आले तर तुझ्या बिल्डिंगचा वॉचमन टेम्पो आत सोडेना. भंगारवाल्यांनी मागच्या गेटनं यायचं म्हणाला. तू तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वाकून ओरडलीस, "सोडा हो त्यांना, माझ्या पाव्हण्या हायेत." डोक्याला रुमाल बांधलेला, केस गेलेले, आणि आवाज मात्र खळ्यावरचा. वॉचमननं गेट उघडलं.

तू दगड हातात घेतलास. खिडकीशी नेलास. बोट फिरवलंस त्याच्यावर, बाळाच्या टाळूवर फिरवतात तसं. मग भिंगातून बघत राहिलीस, मला वाटलं विसरलीस मी इथं आहे ते. आणि मग हसलीस. आजार निघाल्यापासून तुला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. म्हणालीस, "जुबे, ह्यो आपल्या हितला न्हाई." आणि लगेच, तशीच हसत, "चुंबक लावला न्हाईस ना गं?"

मी म्हणाले, "न्हाई."

मी मनाला अनेकदा समजावलं की तुझं ते हसू घालवायचं नव्हतं म्हणून खोटं बोलले. ते खरं नाही. मी भ्याले होते. आयुष्यभर जे शोधलं ते तुला मिळालं आणि ते मीच नासवून तुझ्या हातात दिलं, हे तुझ्या तोंडावर सांगायची मला भीती वाटली. तू शपथ मागितली नाहीस. मागितली असतीस तर माझ्या तोंडातून निघालं नसतं. पण तू कशाला मागशील, तू माझं नुसतं न्हाई शपथेसारखं धरायचीस. खोटी साक्ष हे किती मोठं पाप आहे ते मला लहानपणापासून शिकवलंय. नमाजाला बसले की तो एक शब्द आडवा येतो.

पुढचं सगळं चांगलंच होत गेलं, त्यानं माझी भीती वाढत गेली. प्रयोगशाळेत तुम्ही साल उडालेल्या कडेचा छोटा तुकडा कापलात. त्यात काचेचे ठिपके निघाले, त्यातली हवा निघाली. तू मला फोन केलास, दुकानात मोटारींचा आवाज होता, मी कान दाबून ऐकत होते. म्हणालीस, तितलीच हवा हाय गं. हलकं कमी, जड जास्त, उफणलेली. मग कळलं की दगड फार जुना आहे, तिथं पाणी होतं त्या काळचा. त्याच्या भेगांत पांढरे बारीक कण होते, पाण्यातून बसलेले. ते पाणी कसं असेल हेसुद्धा तुम्ही काढलंत. मी विचारलं, कसं होतं? म्हणालीस, उकळतं नाही, गोठलेलंही नाही. हिवाळ्यात दुपारी आपण आंद्रा नदीत पाय सोडून बसायचो, साधारण तसं. मी टेम्पोच्या दारात उभी राहून रडले. त्या वेळी मला खरंच आनंद झाला होता, हे तरी खरं मान.

मग चुंबक मोजायच्या यंत्राची पाळी आली.

त्या तुकड्यात चुंबक फार निघाला. जितका निघायला पाहिजे त्याच्या कितीतरी पट, आणि सगळा एकाच दिशेला, कंगव्यानं केस बसवावेत तसा. तू पुन्हा मोजलंस. यंत्र तपासून घेतलंस. पुन्हा मोजलंस. मला सांगायचीस, असं होऊच शकत नाही, एवढं मोठं कुंपण असतं तर हवा गेलीच नसती. हे फक्त एकाच गोष्टीनं होतं, कुणीतरी चुंबक लावला तर. पण तसं तर झालेलं नाही. म्हणजे मीच कुठंतरी चुकतेय.

तू माझ्यासमोर बसून हे म्हणालीस, नले. "पर तसं तर झाल्यालं न्हाई." आणि मी कपात चहा ओतत होते. माझा हात हलला नाही, एक थेंब सांडला नाही.

मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते सांगू? त्या चहाची. माणूस इतकं शांतपणे चहा ओतू शकतं, ह्याची.

मग तो पाढ्याचा दिवस. गॅलरीत बसलो होतो, समोर वलवणच्या बाजूला ढग उतरले होते, बिल्डिंगी दिसत नव्हत्या. तू म्हणालीस, "जुबे, मला एकोणीसचा पाढा इचार. औषधानं डोकं गेलंय माझं. सारखं चुकतंय. बघू दे कुटपर्यंत येतंय." मी म्हटलं, काहीतरीच काय. तू ऐकेनास. मग तू म्हणायला लागलीस, शाळेत म्हणायचो तसं हात बांधून, डोक्याला रुमाल, शाल अंगावर. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस सत्तेला अडखळलीस, ओठ हलवत राहिलीस, मग एकशे तेहतीस म्हणालीस आणि माझ्याकडं बघितलंस, बरोबर का चूक ते विचारत. मला कुठं येतंय एकोणीसचा पाढा? तरी मी मान हलवली. तू दाहीपर्यंत गेलीस. सगळा बरोबर होता, मी दुकानात येऊन कॅल्क्युलेटरवर बघितला.

पण तू म्हणालीस, "सत्तेला थांबले बघ. पयली नव्हते थांबत." आणि डोळे पुसलेस. "ह्या डोक्यावर तर जगले गं मी. आता दगड खोटं बोलंना आन माझं डोकं खरं सांगंना."

एवढं वाक्य माझ्या जिभेवर होतं. दगडच खोटं बोलतोय नले, मी त्याला शिकवलंय. एवढंच. तू चिडली असतीस, कप फेकून मारला असतास, दत्ताभाऊला फोन करून मला जिना उतरवायला लावलं असतंस. आणि मग तुझ्या हाताखालच्या मीनलला बोलावून म्हणाली असतीस, चला, दुसऱ्या टोकाकडून कापू. तुला काम मिळालं असतं. तुझं डोकं तुला परत मिळालं असतं. मी म्हणाले, "गारठा वाढलाय, आत चल."

त्यानंतर तू मोजायचं सोडलंस. नंतर फोनही छोटे झाले.

तुझ्या दहाव्याला आंद्रेच्या काठावर गेले होते. बायका लांब उभ्या होत्या, मी त्यांच्याही मागं. पिंड ठेवला. मला वाटत होतं आता कावळा शिवणार नाही, दत्ताभाऊ एकेक बोलत जाईल, शेताचं बोलेल, भाच्यांचं बोलेल, आणि शेवटी सगळे मागं वळून माझ्याकडं बघतील. मी मनात ठरवलं होतं, तसं झालं तर पुढं जाऊन मोठ्यानं सांगायचं. पण कावळा लगेच आला. पिंड ठेवून दत्ताभाऊ चार पावलं मागं सरकतोय तोवर शिवला. बायका म्हणाल्या, सुटली बिचारी, काही इच्छा राहिली नव्हती. त्या मोकळ्या झाल्या आणि मी आणखी घाबरले. तुझी इच्छा राहिली नव्हती कारण तुला माहीतच नव्हतं. माझं खोटं खरं धरून तू गेलीस. आता तू तिथून रागावणार पण नाहीस.

तू शास्त्रज्ञ, म्हणशील कावळ्याचं काय घेऊन बसलीस. मी कुठं शास्त्रज्ञ आहे?

परवा मीनलचा फोन आला. तीच, लांब वेणीची. म्हणाली, मावशी, मॅडमचं शेवटचं काम आम्ही त्यांच्या नावानं छापायला पाठवतोय. मॅडमना आकडे पटत नव्हते, पण यंत्र बरोबर आहे, आम्ही दोनदा तपासलं. मंगळाला फार मोठा चुंबक होता असं निघतंय. हे मोठं आहे, मावशी. दगड तुम्ही आणलात, तुमचंही नाव आभारात येईल. फक्त एक खात्री करायची म्हणून विचारते. मॅडमच्या वहीत लिहिलंय, "दगड मिळाल्यापासून चुंबकाचा स्पर्श नाही. जुबेदाने सांगितले आहे." बरोबर ना?

ती वाचत होती आणि मला तुझं अक्षर दिसत होतं. तू दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलं असतंस तर पुढं पुरावा मागितला असता. माझ्या नावापुढं पूर्णविराम देऊन टाकलास.

मला पुन्हा तेच करता आलं असतं. एक हो म्हणायचं होतं. तू गेलीस, आबांना काही माहीत नाही, दुकानात तेव्हा कुणी नव्हतं. सगळ्या जगात दोन जणांनाच माहीत होतं, मला आणि दगडाला, आणि दगड तर माझीच बाजू घेत होता. पण मग ते खोटं तुझ्या नावावर छापलं गेलं असतं. तुला जे आकडे पटले नाहीत ते तुझ्या नावानं पोरं शिकली असती. कधीतरी कुणी हुशार निघून म्हणालं असतं, ही बाई चुकली. माझ्या एका न्हाईपायी तू दोनदा चुकीची ठरली असतीस, एकदा स्वतःपुढं आणि एकदा जगापुढं.

मी फोनवर म्हणाले, "मी येते." एवढंच.

काल पुण्याला गेले. टेम्पो लांब लावला, म्हटलं परत वॉचमनशी वाद नको. जिन्यात दोनदा थांबले. मीनल मला तुझ्या टेबलाशी घेऊन गेली. तुझा चष्मा अजून तिथंच आहे. दगड एका डबीत ठेवलेला, कापलेली बाजू वर. मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. उभ्या उभ्या म्हणाले, चुंबक मी लावला होता, पहिल्याच दिवशी, आणि नलिनीला खोटं सांगितलं.

मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिनं डोळे मिटले आणि मग एकदम विचारलं, "कुठल्या बाजूला?"

मी बोट ठेवलं. चपट्या बाजूला, कडेशी. "असा लावला. मग असा फिरवला. दोनदा. तिसऱ्यांदा इथंवर, मग थांबले."

"पलीकडच्या टोकाला नाही?"

"नाही."

"नक्की, मावशी?"

तो प्रश्न तिनं विचारला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता माझ्या नाहीला काही किंमत राहिलेली नाही. मी म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मोजून बघ."

तिनं मला समजावून सांगितलं, तुझ्यासारखंच, हातवारे करून. हातातल्या चुंबकाचा जोर जवळच असतो, लांब जाईल तसा झपाट्यानं कमी होतो. तू मोजलेला तुकडा नेमका त्याच कडेचा होता. पलीकडचं टोक आणि पोट कदाचित वाचलं असेल, कदाचित नसेल. दगड छोटा आहे. आता त्या टोकाकडून पातळ पातळ चकत्या कापत यायचं आणि एकेक मोजायची. कुठवर माझा चुंबक पोचला आणि कुठून मंगळाचा सुरू होतो ते बघायचं. काही उरलंच नसेल असंही होईल. छपाई थांबवायची. आणि माझा चुंबक किती जोराचा आहे तेही मोजावं लागेल, म्हणून तो घेऊन या, म्हणाली. उद्या डब्यातून पेचकसानं काढावा लागेल. मला त्याचीही भीती वाटते, हसू नकोस.

भीती गेली असं नाही, नले. खरं सांगितलं की हलकं वाटतं म्हणतात, मला तसलं काही वाटलेलं नाही. चकत्या कापतील आणि शेवटच्या चकतीपर्यंत माझाच चुंबक निघाला तर काय, हे डोक्यातून जात नाही. आज दुकान उघडलं तेव्हा वारा सुटला होता, पत्रे थडथडत होते, आणि मी परत मोठा श्वास घेऊन बघितला. आपलं कुंपण अजून आहे म्हणाली होतीस. मी तुझं ऐकून चाललेय.

एक राहिलं. निघताना मीनलनं तुझी हिरव्या पुठ्ठ्याची वही उघडली. तुझं शेवटचं पान. वर आकडे, आणि खाली तुझ्या बारीक अक्षरात, "वाचन पुन्हा तसेच. बहुधा माझीच चूक. आता डोक्यावर भरवसा नाही." मीनल म्हणाली, वहीतलं काही खोडायचं नसतं, खाली नवीन लिहायचं असतं. तुम्हीच लिहा, तारीख घाला, सही करा. तिनं तुझं पेन दिलं.

मी लिहिलं, चुंबक मी लावला होता. सही केली. तारीख घातली. पेन परत द्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. त्याखाली लिहिलं, वाचन बरोबर होतं. नलिनीचं डोकं शेवटपर्यंत ठीक होतं.

मीनलनं वाचलं. म्हणाली, "मावशी, शेवटचं वाक्य अशा वहीत लिहीत नाहीत."

मी पेनाला टोपण लावलं. ती पानाकडं बघत राहिली. मग वही मिटून म्हणाली, "राहू दे."